दादांचं स्टिअरिंग

टापटीपरावांनी (हे नाव ऑफिसनं ठेवलं, पण घरातही कुणी हरकत घेतली नाही) त्या रविवारी फक्त एवढंच ठरवलं होतं, की सासऱ्यांच्या जुन्या ट्रकचं स्टिअरिंग जरा पुसून घ्यावं. फडकं ओलं केलं तेव्हा त्यांचा इरादा तेवढाच होता, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

ट्रक घरामागच्या अंगणात उभा असायचा. सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, तो चौतीस वर्षं चालवला. आता तो चालत नव्हता आणि दादांना दिसत नव्हतं. तरी रोज चहा झाला की दादा भिंत चाचपत अंगणात जायचे, केबिनमध्ये चढायचे आणि स्टिअरिंग धरून जेवणवेळेपर्यंत बसायचे. पानावर बसताना, "आज घाटात दोन गाड्या बंद पडल्या होत्या," असं काहीतरी सांगायचे. डोळे गेल्यापासून त्यांचा चेहरा खुलायचा तो तेवढाच वेळ.

दादा आठ दिवस धाकट्या लेकीकडे गेले होते. पुसता पुसता टापटीपरावांना भेगा दिसल्या. काळं कडक रबर जागोजाग तडकलेलं, आणि दोन बाजूंना तर बोटं आत बसावीत इतकं झिजलेलं. रेकॉर्ड रूममध्ये सव्वीस वर्षं फाटक्या फायलींना नवे पुठ्ठे चढवणाऱ्या माणसाला हे बघवेना.

"दादांना विचारलंत का?" बायकोनं विचारलं.

"सरप्राइज आहे."

"दिसत नाही त्यांना. कसलं सरप्राइज?"

"हाताला तर कळेल ना." (कळलं. त्याचीच तर ही गोष्ट आहे.)

स्टिअरिंगचं चाक उतरवायला मेकॅनिक आला. त्यानं नट सैल केला, चाक मांडीवर घेतलं आणि त्या झिजलेल्या जागांवरून अंगठा फिरवला. "साहेब, भेगा बुजवा. हे खड्डे पण बुजवायचे?"

"खड्डे काय शोभेला ठेवायचे असतात?"

मेकॅनिकनं चाक त्यांच्या हातात दिलं आणि पान्हे आवरले. त्यानं तेव्हा दोन शब्द जास्त बोलायला हवे होते, असं टापटीपराव आजही म्हणतात. कुणावर तरी ढकलायला हवंच.

पुढचे पाच दिवस त्यांनी ऑफिसला दांडी मारली. कानस मारून भेगा साफ केल्या, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, पॉलिश पेपरनं घासून घासून हाताची सालं काढली, वर काळ्या रंगाचे तीन हात दिले. चाक असं चकचकीत झालं की टापटीपरावांनी त्यात बघून भांग पाडला.

दादा परत आले आणि दुसऱ्या दिवशी चहानंतर केबिनमध्ये चढले. त्यांनी चाकावर हात ठेवले. हात घसरले. त्यांनी पुन्हा ठेवले, मग अख्ख्या चाकावरून फिरवले, एकदा इकडून, एकदा तिकडून. चष्मा हरवल्यावर माणूस टेबल चाचपतो तसे.

"चाक नवं केलं, दादा," टापटीपराव खालून म्हणाले.

"हो का," दादा म्हणाले. "छान गुळगुळीत झालंय. बरंच काम केलंत जावईबापू." आणि पाचच मिनिटांत खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. "आज खाडा," म्हणाले. तिसऱ्या दिवशीही खाडाच. चौथ्या दिवशी बायको भांडी आपटत म्हणाली, "त्या चाकावर त्यांचे हात होते. तुम्ही लांबी भरलीत त्यात."

टापटीपरावांच्या पोटात खड्डा पडला. तो बुजवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. आपण इतके गाढव कसे, या प्रश्नानं त्यांचं जेवण गेलं.

शनिवारी त्यांनी दोन्ही जागचा रंग आणि लांबी खरवडून काढली. मग तिथे ताजी, मऊ लांबी थापली, दादांच्या हातांना तेल चोळलं आणि त्यांना हात धरून केबिनमध्ये बसवलं. "दादा, नेहमीसारखं घट्ट धरा. सुकेपर्यंत सोडू नका. बोटं होती तशी उमटतील."

दादा अर्धा तास धरून बसले. टापटीपराव शेजारी बसून तेवढा वेळ श्वाससुद्धा बेतानं घेत होते.

लांबी सुकली. दादांनी हात उचलले, पुन्हा ठेवले आणि एकेका बोटाची जागा तपासली. ठसे उथळ होते, कडेला थरथरलेले.

"ही पकड चौतीस वर्षांची नाही, जावईबापू," ते शांतपणे म्हणाले. "ही आजची आहे. या म्हाताऱ्याच्या हातात मी माझी गाडी द्यायचो नाही."

टापटीपरावांना भडभडून आलं. "चुकलं माझं, दादा."

"चुकलं खरं," दादा म्हणाले. समजूत काढायला उगाच 'छे छे' म्हटलं नाही. मग ते सरकले. "या, तुम्ही बसा चाकावर. मी रस्ता सांगतो."

टापटीपरावांना सायकलच्या पुढे काही चालवता येत नव्हतं. तरी ते रोज ऑफिसच्या आधी तासभर बसू लागले. दादा शेजारून सांगायचे, "आता वळण. क्लच दाबा. गियर." टापटीपराव घामाघूम व्हायचे. दादांचा चेहरा पूर्वीसारखा नाही, पण थोडाफार खुलायचा. तेवढ्यावर टापटीपराव समाधान मानायला शिकले होते.

नवव्या दिवशी घाट उतरताना दादांनी हात वर करून गाडी थांबवायला लावली आणि स्वयंपाकघरातल्या थोरल्या लेकीला हाक मारली.

"तू बस ग चाकावर. जावईबापू उभ्या गाडीतसुद्धा घाबरतात, ब्रेकवरचा पाय काढत नाहीत. त्यांना मागे हौद्यात बसू दे."