गेबहार्टच्या झाडाचं कौतुक

गेल्या नाताळात गेबहार्टने ठरवलं की आता तोडलेलं झाड घरात आणायचं नाही. कुंडीतलं, मुळांसकट जिवंत फरचं झाड आणायचं आणि घरातल्या माणसासारखं वाढवायचं. निर्णय एवढासाच होता. तो भोगला मात्र रोझविटाने, म्हणजे त्याच्या बायकोने.

कारण या झाडाला ऊब सोसत नाही. वर्षभर ते मागच्या गार पडवीत राहिलं. रोज सकाळी गेबहार्टने मातीत बोट खुपसून ओल बघायची, पानांवर पाण्याचा फवारा मारायचा, आठवड्याला कुंडी थोडी फिरवायची. (लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण "तुला तहान लागलीय का?" असं त्याने रोझविटाला एकदाही विचारलं नव्हतं.) यंदा नाताळात झाड दिवाणखान्यात आलं आणि हीटर बंद झाला.

"मी ओव्हरकोट घालून टीव्ही बघायचा?" रोझविटा म्हणाली.

"टोपी पण घाल. शोभते तुला."

नाताळ झाला की त्यांच्या जर्मनीतल्या श्वाबिया भागातल्या गावात माणसं घरोघरी झाडाचं कौतुक करायला जातात. "काय सुंदर झाड!" म्हटलं की यजमानाने श्नॅप्सचा, म्हणजे कडक दारूचा, पेला भरायचा. झाड वाकडं असो की टकलं, कौतुक ठरलेलं आणि पेलाही. यंदा मात्र गेबहार्टकडे लोक उठेचनात. शेजारचा अल्फोन्स एकाच बैठकीत सात वेळा बोलला.

"काय बुंधा आहे! भर रे."

"काय शेंडा! भर."

"आणि कुंडी! अहाहा, कुंडी!"

गेबहार्टची छाती फुगून कोटाची बटणं ताणली गेली. घरची नाशपातीची श्नॅप्स दोन दिवसांत संपली. तिसऱ्या दिवशी त्याने सासऱ्यांनी जपून ठेवलेली बाटली फोडली.

"अहो, झाडासाठी नाही बोलत ते," रोझविटा शेवटी म्हणाली. "थंडीने कुडकुडताहेत. ऊब यावी म्हणून पितात, आणि प्यायला मिळावं म्हणून बोलतात."

हे गेबहार्टच्या जिव्हारी लागलं. रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. वर्षभराची मेहनत, आणि एकही शब्द खरा नाही? त्याला एक, फक्त एक खरं कौतुक हवं होतं.

सकाळी तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या ओटिलीबाईंकडे गेला. बाई दारूला शिवत नसत आणि खोटं बोलत नसत. पाद्रीबुवांना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "प्रवचन लांबलं, आणि त्यात काही नव्हतंही." अशा बाईंनी झाड चांगलं म्हटलं, तर रोझविटाची काय बिशाद होती!

बाई आल्या. सर्दीने त्यांचं नाक पार चोंदलेलं होतं, कसलाच वास येत नव्हता. चष्मा पुसून त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली. वाकून जमीन बघितली. गेबहार्टने श्वास रोखला. रोझविटा दारात हाताची घडी घालून उभी होती.

"गेबहार्ट," बाई म्हणाल्या, "अख्ख्या गावात एवढं देखणं झाड नाही."

गेबहार्टने रोझविटाकडे असं पाहिलं, जणू तो आता नगराध्यक्षच झाला होता.

"माझ्या झाडाचा तर खराटा झालाय," बाई पुढे म्हणाल्या. "सगळ्यांचीच झाडं झडली. इथे खाली एक काडी नाही! हिरवा रंगही किती खरा वाटतो. पुढच्या वर्षी मीसुद्धा प्लॅस्टिकचंच घेणार बाई!"

रोझविटाला हसू आवरेना. तिने टोपी तोंडावर ओढली.

गेबहार्टचं तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण बाई इतक्या मनापासून झाडाकडे बघत होत्या, आणि असं कौतुक त्याच्या वाट्याला जन्मात पहिल्यांदाच आलं होतं.

"धूळ कशी पुसता हो?" बाईंनी विचारलं. "ओल्या फडक्याने की कोरड्या?"

"ओल्या," गेबहार्ट छाती काढून म्हणाला. "पण चांगलं पिळून घ्यायचं."