म्हातारा मरता कामा नये

आमच्या तुळजापूरकडच्या वाशीत मला अडवेल असं दार अजून बसवलेलं नाही! विमा विकतो मी, चेष्टा नव्हे. डॉक्टरांचा कंपाउंडर, साहेबांचा शिपाई, वकिलांचं कुत्रं, सगळ्यांशी आपली सोयरीक. त्यामुळं बायकोनं विचारलं, "अहो, आमच्या नाटकाला सभागृह मिळेल का?" तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "तू चहा ठेव. उकळेपर्यंत चावी आणतो!"

बायको म्हणजे शिवांजली. तिनं आयुष्यातलं पहिलं नाटक लिहिलं होतं. भाकरी भाजताना संवाद सुचायचे, त्यामुळं नाटक पूर्ण होईपर्यंत आम्ही करपलेलंच खाल्लं. दोन सुना कडाकडा भांडतात आणि सासरा मरतो तेव्हा एकमेकींच्या गळ्यात पडतात, असं ते नाटक. थोरली सून जास्मिन, धाकटी निकिता आणि सासरा म्हणजे शेजारच्या धुरपदाबाई, मिशा चिकटवून! धुरपदाबाई काय मरायच्या! तालमीत रोज नव्या तऱ्हेनं मरायच्या आणि मेल्यावर एक डोळा उघडून कोण कोण रडतंय ते बघायच्या.

सभागृहाची चावी सिद्रामप्पांच्या करदोट्याला. कमिट्या आल्या, गेल्या, चावी तिथंच. पडद्याची दोरीसुद्धा तेच ओढायचे.

"आप्पा, चावी पाहिजे होती."

"नाटक वाचून दाव आधी."

"तुम्हाला? अहो, कमिटीनं परवानगी दिलीय!"

"मग कमिटीलाच उघडाय सांग."

वाचलं, काय करतो! सुना भांडल्या तेव्हा आप्पा खुदकन हसले. शेवटी सासरा गेला आणि त्यांचा चेहरा पडला.

"म्हातारा मारायचा न्हाय."

"आप्पा, सगळं नाटक त्याच्या मरणावर उभं आहे!"

"मग चावी न्हाय." ते उठले आणि दाराशी थांबले. "पोरा, जलमभर हितं दोरी ओढतोय म्या. जे नाटक येतं त्यात म्हातारा मरतो. कुणी खोकून मरतो, कुणी फोटोकडं बघत मरतो. आन् म्या पडदा पाडतो. आता माझंबी वय झालं. एखादा तरी जगू द्या की रे."

मी वही गुंडाळली आणि घरची वाट धरली.

घरी शिवांजली भडकली. "माझं नाटक, माझा सासरा! मारीन नाहीतर ठेवीन! हे कोण सांगणारे?" मी आप्पांचं दाराशी थांबून बोललेलं तिला सांगितलं. तव्यावर धूर निघाला तरी तिनं भाकरी उलटली नाही.

"एकटेच असतात का हो ते?"

"एकटेच."

"बघते," ती म्हणाली आणि कागद ओढला.

नवा शेवट असा: सासरा अंथरूण धरतो, सुना घाबरून उशापायथ्याला बसतात आणि तो उठून म्हणतो, "चहा करा गं!" शिवांजली म्हणाली, "मारणं सोपं होतं. जगवताना घाम फुटला."

आप्पांनी नवा शेवट ऐकला आणि करदोट्याची चावी सोडून दिली. पण धुरपदाबाई बिथरल्या! "मरायचंच न्हाय तर म्या मिशा कशाला लावू?" म्हणून तरातरा निघून गेल्या. मिशा माझ्या ओठांवर आल्या. नुसतं पडून तर राहायचंय, मी म्हणालो. सोपं आहे!

प्रयोगाला सभागृह गच्च. दिवसभर तुळजापुरात उन्हातान्हात पॉलिसीसाठी हिंडून आलो होतो. अंगाखाली आमच्याच घरून आणलेली बाज, तिच्यावर मऊ गोधडी, डोळ्यांवर ऊबदार दिवे आणि कानाशी दोन बायकांचं भांडण. लग्न झालेल्या माणसाला याहून गोड अंगाई कुठली? लागला की डोळा!

पुढचं सगळं मला नंतर कळलं.

"मामंजी, उठा!" जास्मिन म्हणाली. मामंजी गार.

"मामंजी, चहा घेता का?" निकितानं पदरचं वाक्य घातलं. मामंजी ढिम्म. जास्मिन इतकी घाबरली की खरंखुरं रडायला लागली. तेवढ्यात प्रेक्षकांतून धुरपदाबाई उठून ओरडल्या, "बघा, बघा! मला मरू दिलं न्हाय आन् ह्याला मारला!"

ते ऐकून सिद्रामप्पांनी दोरी खुंटीला अडकवली आणि पाण्याचा तांब्या घेऊन थेट रंगमंचावर आले. "ए! काय ठरलं हुतं आपलं? मरायचं न्हाय म्हणून ठरलं हुतं ना?" आणि अख्खा तांब्या माझ्या तोंडावर!

मी ताडकन उठून बसलो. मिशी गालावर. तोंडातून निघालं, "सही इथं करा!"

सभागृह हसून हसून लोळायला लागलं. टाळ्या, शिट्ट्या! आप्पा मात्र तांब्या धरून उजेडात तसेच उभे. इतकी माणसं आपल्याकडं बघतायत, असं त्यांच्या बाबतीत कधी घडलंच नव्हतं. ते मागं सरकणार, तेवढ्यात निकिता कप घेऊन पुढं आली. "थोरले मामंजी, असे निघालात कुठं? बसा, चहा घ्या."

आप्पांनी विंगेत शिवांजलीकडं बघितलं. तिनं हातानं खूण केली: बसा.

"सरक," आप्पा मला म्हणाले आणि बाजेवर बसले. कप रिकामाच होता. पण आप्पांनी बशीत ओतल्यासारखं केलं, फुंकर मारली आणि भुरका घेतला. हसणारं सभागृह हळूहळू शांत झालं. दोन्ही सुना त्यांच्या पायाशी बसल्या, एकमेकींना चिकटून. हे कुणी लिहिलं नव्हतं.

आता नाटक संपवायचं कसं? पडदेवालाच चहा पितोय! शिवांजलीनं दोरी हातात घेतली आणि विंगेतून हळूच विचारलं, "आप्पा, पाडू का पडदा?"

"थांब की बाई," आप्पा म्हणाले. "चहा लई गरम हाय."

ती थांबली. सगळेच थांबले.

प्रयोगानंतर बाहेर आप्पांभोवती ही गर्दी! त्यांनी शिवांजलीला हाताला धरून पुढं आणलं. "हिनं लिवलंय. हिला कवाबी सभागृह उघडं!" शिवांजलीचे डोळे भरून आले. मलाही राहवेना. ओल्या कपड्यांनी जाऊन तिच्या शेजारी ताठ उभा राहिलो.

एका आजींनी मला न्याहाळत विचारलं, "आन् हे कोण?"

आप्पांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"हे व्हय? हे बाजंसंगं आलंय."