रोज दोन बोटं

घरात साखर कुलपात होती आणि परसातल्या पेटीत मधमाश्या उपाशी होत्या.

थंडी पडली, फुलं संपली. घड्याळजींनी पेटी मागून जराशी उचलून पाहिली, तर रिकाम्या टोपलीसारखी हलकी. साखरेचा पाक मिळाला नाही, तर चार वर्षं जिवापाड सांभाळलेलं मोहोळ आठवड्याभरात आटोपणार होतं. पण महिन्यापूर्वी घड्याळजींच्या रक्तात साखर सापडली होती, आणि तेव्हापासून डब्याची किल्ली बायकोच्या कमरेला होती.

“अगं, दोन किलो दे. माश्यांसाठी.”

“माश्यांसाठी! मागं पाहुण्यांसाठी म्हणून नेलेली बिस्किटं कुठल्या पाहुण्यांनी खाल्ली?”

“मुके जीव मरतील गं.”

“मुके? दिवसभर गुणगुणून कान किटवतात!”

शेवटी तह झाला. पाक बायको करणार, घड्याळजी फक्त नेऊन ठेवणार.

“एवढा पातळ?” पातेल्यात डोकावत त्यांनी विचारलं.

“माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून झाली, आता पाकाला ठेवा.”

घड्याळजींनी पेटीच्या झाकणाखाली वाडगा ठेवला, माश्या बुडू नयेत म्हणून त्यात काड्या टाकल्या. मग रोज सकाळी जायचे, झाकण उचलायचे, वाडगा बघायचे,

[इथे एक वाक्य गाळलं आहे.]

आणि झाकण लावून परत यायचे.

“पितायत का?”

“पितायत की! रोज दोन बोटं उतरतोय.”

चौथ्या दिवशी पेटी उचलली, तर आणखी हलकी. दाराशी मेलेल्या माश्यांचा सडा. ज्यांनी पेटी दिली होती, त्या मधवाल्या मावशींना घड्याळजींनी धावत जाऊन आणलं.

मावशींनी पाकात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

“ही साखर नाही.”

बायकोनं मान खाली घातली. “डॉक्टरांनी ह्यांच्या चहासाठी दिलेली गोड पावडर आहे. म्हटलं, ह्यांनी चोरून ढोसलाच, तर बाधायचा तरी नाही. माश्यांना काय, गोडाशी मतलब!”

“अहो, त्यानं पोट कसं भरेल त्यांचं?”

“ऐकलंत?” घड्याळजी कडाडले. “नवऱ्यावर संशय घेतला आणि बिचाऱ्या माश्या उपाशी मारल्या!”

“थांबा जरा,” मावशी म्हणाल्या. “असल्या पाकाला माशी तोंड लावत नाही. ह्या वाडग्यापर्यंत एकही चढलेली दिसत नाही. मग रोजची दोन बोटं गेली कुणाच्या पोटात?”

घड्याळजी मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देऊ लागले.

गाळलेलं वाक्य असं होतं: खिशातून चमचा काढायचे.

“आणि चार दिवसांत चव नाही कळली?” बायकोनं विचारलं.

“महिन्यानं गोड मिळालं होतं,” घड्याळजी पुटपुटले. “चौकशी कोण करत बसतं?”

बायकोनं कुलूप उघडलं. खऱ्या साखरेचा दाट पाक झाला.

“आता मीच नेणार. तुम्ही खिडकीतून बघा.”

मावशींची जाळीची टोपी चढवून, वाडगा घेऊन ती पेटीपाशी गेली आणि बराच वेळ पाठमोरी वाकून उभी राहिली.

ती परतली, तसं घड्याळजींनी जीव मुठीत धरून विचारलं, “आल्या का गं प्यायला?”

“तुटून पडल्यात!”

तिच्या टोपीच्या जाळीवर, बरोबर तोंडासमोर, पाकाचा चिकट डाग होता. त्यावर बसून एक माशी मन लावून जेवत होती.