फाइलीबाहेरचा संसार

नोंदणी कार्यालयातलं यंत्र आपल्या दाराशी एका वेळी एकशे अठ्ठावीस विनंत्या ताटकळत ठेवत असे. एकशे एकोणतिसावी आली की ते तिला आत घेत नसे, थांबही म्हणत नसे, सरळ परत पाठवत असे. या आकड्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, कारण असा काही आकडा आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. शहरातले जन्म, मृत्यू आणि लग्नं त्याच दारातून जात होती. शहर वाढलं तसे तिन्ही प्रकार वाढले होते.

अशात एक नर्स आणि एक बेकरीवाला विवाहनोंदणीच्या खिडकीशी येऊन उभे राहिले. नर्सची बदली दूरच्या इस्पितळात झाली होती आणि तिला महिनाअखेरीला हजर व्हायचं होतं. तिथला नियम साधा होता. लग्नाचा दाखला असेल तर दोन खोल्यांचं घर; नसेल तर वसतिगृहात एक खाट, आणि त्या खाटेच्या आसपास संध्याकाळनंतर पुरुषमाणूस दिसता कामा नये.

खिडकीतल्या बाईंनी बटण दाबलं, वाट पाहिली, परत दाबलं.

"घेत नाही," त्या म्हणाल्या.

"काय घेत नाही?"

"तुमचं लग्न."

"का? आमच्यात काही खोट आहे?" बेकरीवाल्याने विचारलं.

"तुमच्यात कशाला असेल, दादा? आत जागा नाही. उद्या या."

ते उद्या आले, परवाही आले. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून बेकरीवाला भट्टीतले गरम पाव घेऊन येऊ लागला, आणि हे लग्न इतक्यात नोंदलं जाऊ नये असं खिडकीतल्या बाईंना हळूहळू वाटू लागलं.

नर्सला वाट पाहायची सवय नव्हती. तिने सरळ यंत्राची खोली गाठली. यंत्राला उकडू नये म्हणून खोलीत कडाक्याची थंडी ठेवली होती, आणि यंत्र सांभाळणारा यंत्रवाला कानटोपी घालून बसला होता.

"युनिक्स नावाचं संगणकांचं जुनं घराणं आहे, त्यातलं हे," तो म्हणाला, आपल्या आजोळाबद्दल सांगावं तसा. "याच्या गाभ्याला सगळं आकड्यांत सांगावं लागतं. किती जणांना थांबू द्यायचं, किती लक्षात ठेवायचं, कधी विसरायचं. ते आकडे एका फाइलीत असतात. तिथे एकशे अठ्ठावीसच्या जागी एक हजार चोवीस लिहिलं की काम झालं. चहा उकळायच्या आत."

"मग लिहा की."

"लिहितो. फक्त साहेबांच्या कानावर घालतो."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हा एकशे अठ्ठावीस ठरवला कोणी?"

"यंत्राबरोबरच आलेला आहे, साहेब. काहीतरी लिहायला हवं म्हणून बनवणाऱ्यांनी लिहून ठेवलेला."

"म्हणजे तज्ज्ञांनी ठरवलेला आहे," साहेब म्हणाले. "आणि तो तुम्ही एका चहात बदलणार."

समिती नेमण्यात आली. सदस्य निवडताना ते निःपक्षपाती असावेत अशी खबरदारी घेतली होती, त्यामुळे यंत्राविषयी कोणालाच काही माहिती नव्हती. एका सदस्याचं मत पडलं की आहे तो आकडा चांगला चाललाय. दुसऱ्याला हजार चोवीस पटत होता, पण एकदम इतकी मोकळीक दिली तर यंत्र शेफारेल अशी धास्तीही होती. अखेर दोन्ही बाजूंचा मान राखून मधला आकडा काढण्यात आला: पाचशे शहात्तर.

"आता जुनी ओळ खोडू?" यंत्रवाल्याने विचारलं.

"कार्यालयीन ओळ आहे ती. खोडायची कशी?"

तेव्हा यंत्रवाल्याने तोड सांगितली. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह (#) टाकलं की यंत्र ती ओळ वाचत नाही. ती फक्त माणसांसाठी उरते. समितीचे चेहरे उजळले. वाटेल ते लिहावं आणि त्यातून काहीही घडू नये, अशी जागा यंत्रातही असते हे त्यांना माहीत नव्हतं. त्याच दिवसापासून फाइलीत शेरे पडू लागले. हॅश, वरील बदलास हरकत नाही. हॅश, वरील शेऱ्याशी सहमत. हॅश, मी त्या दिवशी रजेवर होतो, तरीही सहमत. पाचशे शहात्तरची ओळ या गर्दीत कुठेतरी अंग चोरून उभी होती.

साहेब पाहणीला आले. "माझं नाव?"

"सगळ्यात वर आहे, साहेब."

"यंत्र ते वाचतं?"

"नाही. पुढे हॅश आहे ना."

साहेबांनी पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. "म्हणजे समितीतल्या कोणाचंही नाव आणि माझं नाव, यंत्राच्या लेखी सारखंच."

साहेबांच्या नावापुढचा हॅश त्याच क्षणी काढण्यात आला. मग यंत्रवाल्याने फाइल तपासून पाहिली तर पडद्यावर उमटलं: पहिली ओळ समजली नाही. या उद्धटपणाबद्दल यंत्राकडे लेखी खुलासा मागवण्यात आला. नोटीस त्याच्या पत्र्यावर डकवली. मुदतीत उत्तर आलं नाही, तेव्हा यंत्राला आपल्या बचावात काही म्हणायचं नाही असं गृहीत धरून ताकीद देण्यात आली.

इकडे महिना संपत आला. बेकरीवाल्याने दोन खोल्यांसाठी घेतलेले पडदे घडी करून पिशवीत ठेवले होते आणि ती पिशवी तो उगाचच सगळीकडे बरोबर नेत होता. नर्स पुन्हा थंड खोलीत आली.

"आकडा बदलला म्हणे."

"फाइलीत बदललाय," यंत्रवाला म्हणाला. "यंत्राने अजून वाचलेला नाही. फाइल ते सुरू होतानाच वाचतं."

"मग बंद करा आणि सुरू करा."

यंत्रवाल्याने कानटोपी कानांवर ओढली. "ताई, असं बोलू नका. ते ऐकतंय असं नाही, पण नकोच. हे यंत्र मी आल्यापासून एकदाही बंद झालेलं नाही. माझ्या आधीचा जो होता, त्याने वेळोवेळी याच्या गाभ्याला थेट बरंच काही सांगून ठेवलंय. तोंडी म्हणा ना. फाइलीत त्यातलं अक्षर नाही. ते चालू आहे तोवर त्याला आठवतंय. बंद केलं की विसरेल, आणि मग ते कसं चालत होतं हे कोणालाच सांगता येणार नाही."

"तो माणूस कुठे असतो?"

"परदेशी गेला. जाताना म्हणाला, हात लावू नकोस. एवढंच प्रशिक्षण झालं माझं."

नर्सने खुर्ची ओढून घेतली आणि शिरेत सुई घालण्यापूर्वी रुग्णाकडे पाहतात तसं त्याच्याकडे पाहिलं. "म्हणजे याला थेट सांगता येतं. बंद न करता."

"येतं. पण तशी मंजुरी नाही. समितीने फक्त लिहायला सांगितलंय, लागू करायला नाही."

"भाऊ, लग्न झालंय का तुमचं?"

"झालंय."

"दोघं एकाच गावात राहता?"

यंत्रवाल्याने दार लावून घेतलं. एक ओळ टाइप केली, एक हजार चोवीस, आणि डोळे मिटून बटण दाबलं.

दुपारभर यंत्राने काही म्हणजे काही परत पाठवलं नाही. कित्येक आठवडे अडकलेली बाळं जन्माला आली, म्हातारे रीतसर वारले, जोडप्यांची लग्नं लागली. साहेबांच्या सह्यांचे शिक्के उठत गेले. नर्सच्या हातात दाखला पडला तेव्हा बेकरीवाल्याने तिथेच पिशवीतून पडदे काढून तिला दाखवले. "निळे घेतलेस?" एवढंच ती म्हणाली, पण दाखला तिने छातीशी धरला होता.

संध्याकाळी साहेब आपल्या खोलीबाहेर आले आणि दालन रिकामं पाहून दचकले. इतका सुकरपणा कार्यालयात कधीच आढळला नव्हता. चौकशी झाली, यंत्रवाल्याने कबुली दिली, आणि खरा पेच पडला. दाखले रद्द करावेत तर त्यांवर साहेबांची सही होती. कायम करावेत तर ते मंजूर नसलेल्या आकड्यावर निघाले होते. साहेबांनी जोडप्याला बोलावलं.

"तुमचं लग्न लागू आहे," ते सौम्यपणे म्हणाले, "पण फाइलीत बसत नाही. तेव्हा असं ठरलंय की यंत्र आज ज्या अवस्थेत चालू आहे, ती अवस्था टिकेल तोवर तुम्ही नवरा-बायको. ते बंद होऊन पुन्हा सुरू झालं की फाइलीवर येईल, आणि तुम्ही तुमच्या मूळ स्थितीवर याल."

"म्हणजे आमचा संसार त्या वायरीवर?" बेकरीवाला म्हणाला.

"अनेकांचे असतात," साहेब म्हणाले.

नर्सला घर मिळालं, पडदे लागले. बंद करा आणि सुरू करा म्हणणारी ती, आता रोज सकाळी आधी यंत्रवाल्याला फोन करते आणि मग दूध तापवते. त्या दुपारी जन्मलेल्यांचे आईबाप आहेत, वारलेल्यांचे वारस आहेत. त्या सगळ्यांनी मिळून यंत्राच्या खोलीबाहेर जनरेटर बसवलाय. मध्यंतरी एक नवे, तडफदार साहेब आले. सगळं एकदा बंद करू, फाइल साफ करू, नीट पहिल्यापासून सुरू करू म्हणाले. त्यांच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले, आणि घोषणा द्यायला सर्वांत पुढे नर्स होती. साहेबांची बदली झाली.

तुम्हाला हसू येतंय, ते बरोबरच आहे. फक्त एवढं वाचून झालं की कपाट उघडा आणि आपला दाखला काढून त्यावरची तारीख पाहा. त्याच दुपारची निघाली तर घाबरू नका. यंत्राला हात लावू नये या निवेदनावर अजून सह्या घेणं चालू आहे. तुम्ही मुळात बदलाच्या बाजूचे आहात हे सगळ्यांना ठाऊक आहे. हवं तर सहीखाली तसं लिहा. आतापर्यंत प्रत्येकाने लिहिलंय.