धुऊन-पुसून ठेवलेला बॅकअप

सिद्धू एका कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क होता, पण तो स्वतःला क्लार्क समजत नसे. एकदा प्राचार्यांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यानं न फाडता बाहेर काढला, आणि तेव्हापासून ऑफिसात कुणाचं काही अडलं की लोक "सिद्धूला बोलवा" म्हणू लागले. माणूस बिघडायला एवढं पुरतं.

"विंडोज नवीन टाकायची म्हणजे काय लई मोठं काम आहे व्हय," खंडेनवमीच्या सकाळी चहा घेता घेता तो आईला म्हणाला. "आधी सगळ्या फाइली बाहेर काढून ठेवायच्या. मग आतलं साफ करायचं. मग नवी विंडोज घालून फाइली परत जागच्या जागी. तू नवरात्राआधी घर काढलंस की नाही अव्वा? अगदी तसंच."

रत्नम्मा, म्हणजे त्याची अव्वा, कोपऱ्यात विळी, कात्री, हातोडी असलं सगळं गोळा करत बसली होती. आज हत्यारांची पूजा. "कर बाबा," ती म्हणाली. "पर श्रीदेवीला इचारलंस का?"

विचारलं नव्हतं. श्रीदेवी, म्हणजे सिद्धूची बायको, दोन दिवसांसाठी अक्कलकोटला माहेरी गेली होती. कॉम्प्युटर तिचाच. त्यावर ती घरबसल्या कारखानदारांना चादरींची नक्षी काढून द्यायची. आजवर तिनं दुसऱ्यांनी सांगितलेली नक्षी काढली. यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या डोक्यातली काढली होती, जोंधळ्याच्या कणसांची. गुरुसिद्धप्पा नावाच्या बड्या कारखानदाराला ती इतकी आवडली की दसऱ्याच्या मुहूर्तावर मागावर चढवायची असं ठरलं. म्हणजे उद्याच. पण कॉम्प्युटर म्हातारा झालेला. एक फाइल उघडेपर्यंत श्रीदेवीची भाकरी थापून व्हायची. ती घरी येईल तेव्हा कॉम्प्युटर पळत असेल, आणि ती आपल्याकडे कौतुकानं बघेल, असा सिद्धूचा बेत होता. निघताना ती "त्याला हात लावू नका" असं म्हणाली होती खरी. पण बायका निघताना बरंच काही म्हणतात.

सिद्धूनं कामाला सुरुवात मात्र शहाण्यासारखी केली, हे कबूल करायला हवं. बाजारातून नवी हार्ड डिस्क आणली. काळी, पत्त्यांच्या कॅटाएवढी. श्रीदेवीच्या सगळ्या फाइली तिच्यात उतरवल्या, दोनदा उघडून बघितल्या. साफसफाईच्या नादात चुकून हीच साफ व्हायला नको म्हणून ती कॉम्प्युटरपासून सोडवली आणि अव्वाच्या हातात दिली.

"जपून ठेव. श्रीदेवीची सगळी कमाई हिच्यात आहे."

"हिच्यात?"

"हिच्यातच. हे म्हणजे तिचं हत्यार समज."

आता एवढं बोलायची काही गरज होती का? पण सिद्धू रंगात आला होता.

मग त्यानं कॉम्प्युटर साफ केला. अर्धवट साफ करण्यात काय अर्थ आहे, असं म्हणून त्यातला एकूण एक कप्पा पुसून टाकला. नवी विंडोज चढली. पडदा आरशासारखा लख्ख. सिद्धूनं बोटं मोडली आणि हाक मारली, "अव्वा, ती डिस्क दे."

"आता न्हाय मिळायची. पूजेत मांडलीया."

सिद्धू हसत देवघरापाशी गेला. पाटावर विळी, कात्री, हातोडी, अडकित्ता, आणि मधोमध ती डिस्क. तिच्यावर विभूतीचे तीन पट्टे, खाली कुंकू, डोक्यावर झेंडूचं फूल. दिसत होती छान. एखाद्या स्वामींसारखी. पण सिद्धूची नजर पाटाशेजारच्या बादलीवर गेली. बादलीत पाणी होतं. पाण्यावर फेस होता.

"अव्वा," त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, "हे सगळं तू धुतलंस?"

"मग? पूजेला न धुता ठेवत्यात व्हय?"

"डिस्क पण?"

"तीच तर लई घासली. काळं इतकं बसलं हुतं तिच्यावर, निघता निघंना."

सिद्धू मटकन खाली बसला. कॉम्प्युटर रिकामा. डिस्क न्हाऊन बसलेली. जोंधळ्याची कणसं जगात आता कुठंच नव्हती. उद्या सकाळी श्रीदेवी येणार आणि गुरुसिद्धप्पांचा माग मुहूर्तावर तसाच उभा राहणार. श्रीदेवी चिडली तर भांडेल, ते परवडलं. ती चिडून गप्प बसली तर काय करायचं?

तो डिस्क उचलायला वाकला, तशी अव्वानं त्याच्या हातावर चापट मारली. "उद्या उत्तरपूजा झाल्याबिगर हात लावायचा न्हाय. अपशकुन हुतो. तुझा बाप असता तर बघितलं असतं कसा हात लावतोस ते." आणि ती राखणीला बसावं तशी पाटासमोर शेंगा सोलत बसली.

सिद्धूनं गच्चीवर जाऊन अजिंक्यला फोन लावला. अजिंक्य त्याचा शाळेपासूनचा मित्र, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

"डिस्क पाण्यात पडली तर काय करायचं रे?"

"पडली म्हणजे?"

"म्हणजे समज... कुणी घासली."

"कुणी घासली?"

"ते सोड."

"हे बघ, वायर अजिबात लावू नको, लावलीस की गेली. तांदळात पुरून ठेव, पाणी ओढून घेतंय. मग उद्या बघू. आणि सिद्धू, दुसरी कॉपी असंल की?"

सिद्धूनं फोन ठेवून दिला.

तांदूळ. पण तांदळात पुरायची म्हणजे उचलावी लागणार, आणि उचलू तर देत नाही अव्वा. सिद्धू स्वयंपाकघरात उभा राहिला, तांदळाच्या डब्याकडे बघत राहिला, आणि भीतीनं माणसाला कधी नव्हे ते सुचतं तसं त्याला सुचलं. त्यानं पाय धुतले, कपाळाला विभूती लावली, मूठभर तांदूळ घेऊन पूजेसमोर आला आणि डोळे मिटून डिस्कवर सोडले.

"अक्षता," तो म्हणाला.

अव्वा शेंगा सोलायची थांबली. ज्या पोरानं लग्नात सुद्धा घाईघाईनं हात जोडले होते, ते आज आपणहून अक्षता वाहत होतं. सिद्धू परत आत गेला, वाटीभर घेऊन आला. मग तांब्याभर. डिस्क तरी दिसतच होती. शेवटी त्यानं अख्खा डबाच आणला, तिच्यावर उपडा केला आणि बुडावर चापट्या मारून रिकामा केला.

शेजारची नागव्वा हळदी-कुंकवाला आली होती, ती दारातच थबकली. "एवढ्या अक्षता?"

"लई मनापासनं करतोय गं," अव्वानं पदर डोळ्याला लावला. "मार्गाला लागलं माझं पोरगं."

तेवढ्यात श्रीदेवीचा फोन आला. "काय ओ, काय चाललंय?"

"पूजा."

"तुम्ही? पूजा? कॉम्प्युटर बरा आहे ना?"

"एकदम स्वच्छ," सिद्धू म्हणाला. हे एकच वाक्य त्या दिवशी तो खरं बोलला.

दसऱ्याला सकाळच्या पहिल्या गाडीनंच श्रीदेवी आली. तिनं चप्पल काढली, पाटावरचा तांदळाचा ढीग बघितला, मग नवऱ्याच्या कपाळावरची विभूती बघितली.

"काय मोडलंत?" तिनं विचारलं.

अव्वा उत्तरपूजा उरकून तांदूळ परातीत भरत होती. सिद्धूनं तांदळातून मोकळी झालेली डिस्क उचलली आणि सगळं सांगून टाकलं. विंडोज, साफसफाई, बादली, फेस, काहीएक लपवलं नाही. सांगताना तो भिंतीकडे बघत होता. मग रात्रभर तांदळात राहून आता वाळली असेल असं समजून, मनातल्या मनात सिद्धेश्वराला नवस बोलत त्यानं डिस्कची वायर लावली. दिवा लागला नाही. वायर काढून दुसऱ्या बाजूनं लावली. दिवा लागला नाही. डिस्कच्या फटीतून तांदळाचा एक दाणा तेवढा खाली पडला.

श्रीदेवी काही बोलली नाही. सिद्धूला ज्याची भीती होती तेच. बोल गं बाई, त्याला वाटलं, शिव्या दे, पण बोल.

मग ती उठली. "मागच्या उन्हाळ्यात तुम्ही मिक्सर दुरुस्त केलात, आठवतंय? त्याच दिवशी मी पेनड्राइव्ह आणला. प्रत्येक नक्षी त्यात ठेवते. कणसांची पण आहे."

सिद्धूला तिच्या पाया पडावंसं वाटलं. दसराच होता, पडला असता तरी चाललं असतं. "कुठं ठेवलाय?"

"जिथं तुमचा हात जन्मात जायचा नाही तिथं," असं म्हणत ती स्वयंपाकघरात गेली. "तांदळाच्या डब्यात."

आतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग श्रीदेवी रिकामा डबा हातात धरून दारात येऊन उभी राहिली. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण तिला घाबरलेलं त्यानं आजच बघितलं.

"तांदूळ कुठायत?"

उत्तर मोरीतून आलं. नळाचं पाणी तांब्यात पडत होतं. "पूजेचं तांदूळ वाया घालवू नये," अव्वा आतून सांगत होती, "गोड भात करते. धुऊन घेते आधी."

दोघंही एकदमच मोरीच्या दारात घुसले आणि दोघंही दारात अडकले. अव्वानं भरलेला तांब्या परातीवर धरला होता. "अव्वा, थांब!" सिद्धू असा ओरडला की तांब्या तिच्या हातून सुटून तिच्याच पायावर पडला. पाणी सगळं पायावर गेलं. परात कोरडी राहिली.

श्रीदेवीनं दोन्ही हात कोपरापर्यंत तांदळात घातले. चाचपडता चाचपडता एका जागी तिचे हात थांबले. बाहेर आली ती गाठ मारलेली प्लॅस्टिकची पुरचुंडी.

पेनड्राइव्ह चालला. आरशासारख्या लख्ख पडद्यावर जोंधळ्याची कणसं डोलताना दिसली तेव्हा सिद्धूच्या डोळ्यात पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. श्रीदेवीनं गुरुसिद्धप्पांना फोन करून "निघालेच" म्हणून सांगितलं, पेनड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला आणि साडी बदलायला आत गेली. जाताना ती एवढंच म्हणाली, "कॉम्प्युटर पळतोय मात्र." सिद्धूनं ते कौतुक म्हणूनच घेतलं. खुर्चीत मागं रेलून त्यानं डोळे मिटले.

रत्नम्मा पाय पुसत टेबलाशी आली. पेनड्राइव्ह उचलून तिनं उजेडात धरला, दोन्हीकडून फिरवून बघितला.

"हे बी तिचं हत्यारच की," ती म्हणाली. "बघ, हे धुवायचं ऱ्हाऊनच गेलं." आणि ती मोरीकडे वळली.