एकाहत्तर जणांची टीम

“यंदाच्या सीझनला एकही तक्रार येणार नाही. आली, तर मला जाब विचारा!”

हे वाक्य मी भर सभेत, हातात माइक असताना, छाती फुगवून म्हटलं होतं. ज्युनिअर बेसबॉल लीगचा सेक्रेटरी म्हणून ते माझं पहिलंच भाषण. टाळ्या पडल्या. माणसाला टाळ्या मिळाल्या की त्याचं जे होतं, ते माझंही झालं. मी लगेच दुसरं वाक्य म्हणालो, “यंदा पालकांना विचारल्याशिवाय काहीही होणार नाही!”

इथेच घात झाला.

माझ्याआधी आमचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर होते. समोरच्याला तोंड उघडायला लावायचं पण बोलू द्यायचं नाही, ही त्यांची व्यवसायातली सवय त्यांनी लीगमध्येही चालवली. टीम ते एकटे पाडायचे आणि यादी दारावर चिकटवून निघून जायचे. पालक दाराशी भांडायचे. आता दार काही उत्तर देत नाही, त्यामुळे दमून घरी जायचे. गेल्या वर्षी मात्र डॉक्टरसाहेब यादीच द्यायला विसरले! मैदान खात्याचा नियम साधा आहे. बारा-बारा मुलांच्या सहा टीम, त्यांची यादी ठरलेल्या शनिवारी दुपारी बाराच्या आत. नाही दिली, तर मैदान पुढच्या अर्जदाराला. पुढचा अर्जदार म्हणजे पाळीव कुत्र्यांचं प्रशिक्षण मंडळ. अख्खा सीझन आमच्या मैदानावर कुत्री ‘बस’ म्हटलं की बसत होती, आणि आमची मुलं कुंपणाबाहेर ग्लव्हज घालून उभी राहून बघत होती.

त्यात माझी मुलगी होती. यंदा तिला बारा पूर्ण होतात, म्हणजे ज्युनिअरमधलं तिचं हे शेवटचं वर्ष. सीझन झाला नाही तर ती पुन्हा कधीच या लीगमध्ये खेळणार नाही. तिनं बॅटची मूठ तीनदा नवीन टेपनं गुंडाळली होती. मी सेक्रेटरी झालो त्या दिवशी तिनं विचारलं होतं, “बाबा, तुला जमेल ना?”

“न जमायला काय झालं?” मी म्हटलं.

मी पडद्यांच्या दुकानात मापं घ्यायचं काम करतो. आमच्या धंद्यात एकच मंत्र, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. खिडकी चार फुटांची आणि पडदा सहा फुटांचा मागितला तरी आम्ही म्हणतो, “वा, झुपकेदार दिसेल!” हाच मंत्र मी लीगला लावला. नोंदणीच्या फॉर्मवर मी एक नवा रकाना वाढवला: ‘आपल्या पाल्याला कोणाबरोबर खेळायला आवडेल?’ आणि जो जो फॉर्म येईल, त्याला त्याच दिवशी उत्तर, ‘आपली विनंती मान्य करण्यात आली आहे. सेक्रेटरी.’ खाली माझी लफ्फेदार सही.

काय सांगू, लोक खूश! बेकरीवाल्या ताई रस्ता ओलांडून येऊन म्हणाल्या, “असा सेक्रेटरी झाला नाही!” वकीलसाहेबांनी, जे एरवी कोणाला फुकट नमस्कारही करत नाहीत, मला लांबून हात केला. मी आठवडाभर घरात शीळ घालत फिरत होतो.

यादी द्यायच्या आधीच्या गुरुवारी, संध्याकाळी, मी बायकोला म्हटलं, “बस जरा. दहा मिनिटांत टीम पाडून टाकू.”

माझी बायको हॉस्पिटलात मेट्रन आहे. चाळीस नर्सेसच्या ड्यूट्या ती एकटी लावते, आणि आजवर एकीचीही तिच्या तोंडावर तक्रार करायची हिंमत झालेली नाही. तिनं बहात्तर नावांच्या चिठ्ठ्या कापल्या, जेवणाच्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाली, “वाच. ज्यांना एकत्र ठेवायचंय, त्यांच्या चिठ्ठ्या एका ढिगात.”

मी वाचू लागलो. “बेकरीवाल्या ताईंची मुलगी, तिला वकिलांच्या मुलाबरोबर हवंय.”

“ठेवली.”

“वकिलांच्या मुलाला तोफेबरोबर.” तोफ म्हणजे आमचा पिचर. अकरा वर्षांचा आहे, पण बॉल असा टाकतो की कॅचर आधी डोळे मिटून घेतो.

“ठेवला.”

“तोफेला जुळ्यांबरोबर.”

“हं.”

“आणि... तोफेबरोबर अजून एकोणीस जणांना हवंय.”

बायकोनं माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. मी वाचत राहिलो. ढीग वाढत राहिला. एक ढीग दुसऱ्याला मिळाला, दुसरा तिसऱ्याला. मध्ये एकदा सात चिठ्ठ्यांचा एक छोटासा, वेगळा, गोजिरवाणा ढीग तयार झाला होता; मला इतकं बरं वाटलं! पण पुढच्याच फॉर्ममध्ये त्यातल्या एका मुलाला तोफेच्या शेजाऱ्याची बहीण हवी होती.

वीस मिनिटांनी टेबलावर एक डोंगर होता आणि बाजूला एकच चिठ्ठी.

“ही कोण?” मी विचारलं.

“आपली मुलगी,” बायको म्हणाली. “तिच्यासाठी तू काही मागितलंच नाहीस.”

“सेक्रेटरीनं स्वतःच्या घरासाठी मागणं बरं दिसत नाही.”

“छान. म्हणजे एका टीममध्ये एकाहत्तर आणि दुसऱ्या टीममध्ये आपली मुलगी.”

“बॅटिंग तरी सारखी तिलाच मिळेल,” मी म्हणालो. बायको हसली नाही.

“अरे, वीस वर्षं मी ड्यूट्या लावतेय. लोकांना विचारायचं नसतं. सांगायचं असतं! आणि तू तर सही करून हो म्हणालास.”

पण मी हार मानणारा नव्हे. कुठेतरी धागा तोडायचा, इतकंच! मी शुक्रवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्यांच्या ताग्यांमध्ये बसून पहिला फोन वकीलसाहेबांना लावला.

“तुमचा मुलगा आणि तोफ वेगळ्या टीममध्ये गेले तर...”

“तुमची लेखी मान्यता माझ्यासमोर आहे,” ते शांतपणे म्हणाले. “सहीसकट.”

“नाही, नाही, मी आपलं सहज म्हटलं. दोघं एकत्रच!” मी म्हणालो. आणि त्यांना राग येऊ नये म्हणून पुढे म्हणालो, “हवं तर त्याच्या चुलतभावालाही त्याच टीममध्ये टाकतो.”

मग बेकरीवाल्या ताई. “माझी पोर रडून घर डोक्यावर घेईल हो!” त्यांचाच आवाज रडवेला झाला. मी त्यांना शब्द दिला. मग ड्रायव्हिंग स्कूलवाले काका, जे माझ्यासारखेच लीगच्या सहा कोचपैकी एक आहेत. ते म्हणाले, “तोफ माझ्याच टीममध्ये हवा.” मी हो म्हणालो. त्याआधी हेच मी आणखी दोन कोचना म्हणालो होतो. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, तसा तेवढ्यात जुळ्यांच्या वडिलांचा फोन आला.

“आमचे दोघं वेगवेगळ्या टीममध्ये टाका. घरात सारखे भांडतात.”

“पण फॉर्मवर तर एकत्र लिहिलंय!”

“तो हिनं भरलाय. तिला एकाच गाडीतून न्यायला सोपं जातं. तुम्ही मी सांगतो तसं करा, फक्त तिला कळू देऊ नका.”

मी हो म्हणालो! काय करणार, तोंडातून निघूनच गेलं. जुळे एकत्रही आणि वेगळेही. संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझ्या वहीत तोडलेला धागा एकही नव्हता, आणि नवीन जोडलेले सव्वीस होते. बायकोनं वही वाचली, माझा फोन घेतला आणि कपड्यांच्या कपाटात, चादरींच्या खाली ठेवला.

“उद्या सकाळी सगळ्यांना बोलाव आणि खरं सांग,” ती म्हणाली. “बस झालं.”

मुलगी दारात उभी होती. “बाबा, यादी झाली?”

“होत आलीय,” मी म्हणालो. खोटं बोलताना माझे कान लाल होतात. तिनं माझ्या कानांकडे पाहिलं आणि आत गेली. त्यापेक्षा तिनं भांडायला हवं होतं.

शनिवारी सकाळी दहाला मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळे पालक जमले. एरवी त्या शेडमध्ये हेल्मेटं, बेस आणि रेघा मारायची चुन्याची गाडी असते. मुलांना आम्ही “जा रे, बाहेर पळा,” म्हणून मैदानात पिटाळलं. मी बॅटच्या खोक्यावर उभा राहिलो आणि खरं सांगितलं.

मग जे सुरू झालं, ते सांगण्यासारखं नाही! वकीलसाहेब माझं पत्र वाचून दाखवत होते. तोफ आपल्याला मिळणार म्हणणारे तीन कोच एकमेकांच्या अंगावर धावत होते. जुळ्यांच्या आईला तिथेच कळलं की जुळ्यांच्या वडिलांनी मला फोन केला होता, त्यामुळे त्या कोपऱ्यात वेगळीच मॅच लागली. दारात कुत्र्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आपला धिप्पाड कुत्रा घेऊन, घड्याळात बघत, आशेनं उभे. कुत्रा माझ्याकडे बघून भुंकायचा थांबेना. मी मनात म्हटलं, लीग नको, पण कुत्रं आवर! साडेअकरा वाजले. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ती टेपनं गुंडाळलेली बॅट येत होती. आपण पोरीचा शेवटचा सीझन घालवला. रडू यायचंच काय ते बाकी होतं.

आणि तेवढ्यात बाहेरून आवाज आला, टण्ण! मग शंभर बेडूक एकदम ओरडावेत तसा आरडाओरडा.

आम्ही सगळे धावत बाहेर गेलो. मैदानात तीन मॅच चालू होत्या! तीन कोपऱ्यांत, सहा टीम.

“हे कोणी केलं?” मी विचारलं.

“आम्हीच,” माझी मुलगी म्हणाली. तिच्या हातात युनिफॉर्मच्या खोक्याचं झाकण होतं आणि त्यावर पेन्सिलीनं सहा रांगा. “सहा जण पुढे आले, मग आळीपाळीनं एकेक घेतला. बाराचे सहा. दहा मिनिटं लागली.”

“अगं, पण कोणाला कोणाबरोबर...”

“सगळे नीट आहेत, बाबा.”

बेकरीवाल्या ताई आपल्या मुलीकडे धावल्या. “तू वकिलांच्या मुलाच्या टीममध्ये नाहीस? तुमची एवढी दोस्ती!”

“म्हणूनच तर!” ती ओरडली. “मला त्याला आउट करायचंय. एकाच टीममध्ये असलो तर कसं करणार?”

वकीलसाहेबांच्या मुलालाही तोफेचा बॉल उडवायचा होता, त्याच्या शेजारी बसून टाळ्या वाजवायच्या नव्हत्या. जुळे वेगवेगळ्या टीममध्ये होते आणि अत्यंत आनंदानं एकमेकांना चिडवत होते.

“पण मी दोघांना आणू कशी?” त्यांची आई म्हणाली.

“आई, मैदान एकच आहे,” दोघंही एकदम म्हणाले.

सत्तर-ऐंशी शहाणी माणसं तिथे उभी होती, आणि हे एकालाही सुचलं नव्हतं.

बाराला दहा कमी असताना मैदान खात्याच्या बाई यादी घ्यायला आल्या आणि स्कूटरवरून उतरल्या. मी खोक्याचं झाकण दोन्ही हातांनी, आदरानं त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी नावं मोजली. बारा, बारा, बारा... माझा श्वास अडकला होता. सहाव्यांदा बारा झाले आणि मी तो सोडला. इतका मोठा सुस्कारा, की बाईंचा कागद उडाला!

“मुलं बरोबर आहेत,” बाई म्हणाल्या. “कोच कुठायत? प्रत्येक टीमसमोर कोचचं नाव हवं. नाहीतर यादी अपुरी.”

ताई, जुळ्यांचे वडील, मी धरून आम्ही सहाही कोच पुन्हा भांडायच्या तयारीनं पुढे सरकलो. पण माझी मुलगी म्हणाली, “थांबा. तुम्ही ओळीत उभे राहा.”

आम्ही राहिलो. मी पोट आत घेतलं. मुलांचे सहा कॅप्टन समोर उभे राहिले. त्यातली शेवटची माझी मुलगी. पहिल्यानं ड्रायव्हिंग स्कूलवाल्या काकांना घेतलं. साहजिक आहे, त्यांचा आवाज मोठा. दुसऱ्यानं बेकरीवाल्या ताईंना, तेही साहजिक. तिसऱ्यानं जुळ्यांचे वडील, चौथ्यानं तोफेचा मामा. मी जरा ताठ झालो. पाचव्यानं, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या आणि खुर्चीत बसूनच कोचिंग करणाऱ्या आजोबांना घेतलं.

ओळीत मी एकटा उरलो. मी मुलीकडे बघून जमेल तेवढं कार्यक्षम हसलो.

तिनं मला खालून वरपर्यंत पाहिलं. मग ती मैदान खात्याच्या बाईंकडे वळली.

“कोच नसला तर चालतं का?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “नियमात बसत नाही.”

“बरं,” मुलगी सुस्कारा टाकून म्हणाली. “मग बाबांना घेतो.”

बाराला तीन कमी असताना शिक्का बसला. सीझन आमचा! बायकोनं मला मिठी मारली, कुत्र्यांचे अध्यक्ष निघून गेले, आणि मी नियम करणाऱ्या त्या अज्ञात माणसाचे मनापासून आभार मानले.