अखंड रेंडर

कर्वेनगरच्या विश्वजीतने ॲनिमेशनच्या कॉलेजात पाऊल टाकल्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं, की आपली फिल्म आली की या देशातल्या कार्टूनचा चेहरामोहराच बदलणार. तिसरं वर्ष संपत आलं तरी कार्टून होती तशीच होती, कारण विश्वजीतचा अभ्यास चालू होता. अभ्यास म्हणजे काय, तर एक परदेशी विनोदी कार्टून मालिका. तिच्यात टपालखात्यात नोकरीला असलेलं एक अस्वल असतं आणि ते एकही पत्र वेळेवर पोचवत नाही. मालिकेचे भाग इतके, की तेवढ्या वेळात माणूस डॉक्टर होऊन दवाखाना टाकेल. विश्वजीतने ती दोनदा पाहून संपवली होती आणि आता तिसऱ्यांदा तो, त्याच्याच शब्दांत, 'टायमिंग पकडत' होता.

पकडू दे बापडा, आपलं काय जातंय! पण फिल्म त्याची एकट्याची नव्हती. कॉलेजने जोड्या लावल्या होत्या आणि त्याच्या वाट्याला आली होती ऋतुजा. वाशिमहून पुण्याला शिकायला आलेली, मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी, कामाला वाघ मुलगी. तिने गोष्ट लिहिली, पात्रं काढून दिली, आवाजही रेकॉर्ड करून दिले. ती चित्रं हलवायची तेवढी विश्वजीतने. फिल्म वेळेत गेली नाही तर दोघांचंही वर्ष जाणार होतं. विश्वजीतचं वर्ष गेलं असतं तर ते आईच्या हातची पोळी खाऊन गेलं असतं. ऋतुजाला मात्र घरून स्पष्ट सांगितलं होतं, की नापास झालीस तर सामान घेऊन परत यायचं, इकडे स्थळं बघून ठेवलीत.

म्हणून ती रोज फोन करायची, आणि विश्वजीत रोज एकच सांगायचा, की रेंडर लावलाय. रेंडर म्हणजे कॉम्प्युटर सगळी चित्रं एकत्र शिजवून त्यांची फिल्म बनवतो, ते काम. तासन्‌तास चालतं आणि मध्ये हात लावता येत नाही. आळशी माणसाला याहून सोयीचं काम ब्रह्मदेवालाही सुचलं नसतं. काम तर चालू आहे, आणि करायचं मात्र आपल्याला नाही!

एके दिवशी ऋतुजाने स्क्रीनचा फोटो मागितला. झाली का पंचाईत! मग मात्र विश्वजीत मांडी ठोकून बसला. चहाला उठला नाही, अस्वलाकडे पाहिलं नाही, आणि एका बैठकीत त्याने रेंडरची खोटी पट्टी ॲनिमेट केली. हिरवी, लांबलचक, गोगलगाईच्या चालीने सरकणारी. खाली 'कृपया थांबा' अशी नम्र सूचना. नव्व्याण्णव टक्क्यांवर पोचली की पट्टी जरा घुटमळायची आणि गुपचूप मागे यायची. इतकी खरी वाटत होती, की क्षणभर त्याचं त्यालाच बरं वाटलं. फोटो गेला, ऋतुजाचा जीव भांड्यात पडला, आणि विश्वजीतने कौतुकाने पट्टी चालूच ठेवून मोबाइलवर अस्वल लावलं.

तेवढ्यात त्याची आई, द्वारकाबाई, पोह्यांची बशी घेऊन आत आली. "हे काय?" म्हणाली. त्याने सांगितलं, फिल्म तयार होतेय, मध्येच तुटली तर सगळं पहिल्यापासून. आईसमोर भाव खायला म्हणून बोलला, आणि तिथेच फसला! कारण द्वारकाबाईंच्या घरात नवरात्रात अखंड दिवा असतो. तो विझू द्यायचा नाही, एकटा सोडायचा नाही, घरात कुणीतरी जागतं हवं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी पोह्यांची बशी तिथेच ठेवली, बाहेरून स्टूल आणलं आणि कॉम्प्युटरसमोर बसल्या.

विश्वजीतचे वडील रंगराव स्वारगेटच्या एसटी स्टँडावर वाहतूक नियंत्रक. गाड्या लावण्यात आणि सोडण्यात उभा जन्म गेलेला माणूस. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी पट्टी पाहिली, दोन्ही हात मागे बांधून तिच्यासमोर उभे राहिले आणि जेवणाआधी घरातल्यांच्या ड्युट्या लावून मोकळे झाले. सकाळी आई, संध्याकाळी आपण, मधल्या वेळात वरच्या मजल्यावरच्या गोदाबाई. पट्टी मागे येते हे त्यांनीच सगळ्यांत आधी पाहिलं, पण घाटात गाडी थोडी मागे येतेच, असं म्हणून त्यांनी बायकोची समजूत काढली.

मग घराची तऱ्हाच बदलली. फ्यूज उडेल म्हणून मिक्सर बंद झाला आणि चटणी पाट्यावर आली. इस्त्री बंद झाली, रंगराव चुरगळलेल्या शर्टाने स्टँडावर जाऊ लागले. बिल्डिंगमध्ये बातमी पसरली तसे शेजारी जिन्यावरून पाय न वाजवता जाऊ लागले. पुण्यात माणसं लग्नाची वरात गेली तरी पोलिसांना फोन करतात, पण इथे 'पोराची फिल्म शिजतेय' म्हटल्यावर समोरच्यांनी आपलं वॉशिंग मशीनसुद्धा लावायचं बंद केलं. नारायण पेठेत रंगरावांच्या सख्ख्या पुतणीचा, श्रद्धाचा, साखरपुडा होता. रंगराव गेले नाहीत. भाऊ फोनवर वाट्टेल ते बोलला, आणि रंगरावांनी पट्टीवरची नजर न हलवता ते ऐकून घेतलं.

आणि विश्वजीत? त्याला आता अस्वल बघता येईना. घरचे रात्रंदिवस आपल्यासाठी बसलेत आणि आपण दात काढतोय, हे दिसायला बरं दिसेना. त्यातून ऋतुजाचा आवाज रोज बारीक होत चाललेला. एकदा फोनवर ती नुसती नाक ओढत राहिली. आयुष्यात प्रथमच त्याला मनापासून काम करावंसं वाटलं. तो ताडकन उठला, कॉम्प्युटरपाशी गेला आणि माऊसला हात घालणार, तोच रंगरावांनी त्याचं मनगट धरलं.

"चालू हाय ना? मग हात लावायचा न्हाय. तूच सांगितलंयस."

काय बोलणार? झालं म्हणावं, तर फिल्म दाखव म्हणतील. तुटलं म्हणावं, तर द्वारकाबाईंनी आदल्या दिवशी चुकून गिझर लावला होता, त्या जन्मभर स्वतःला दोष देत बसल्या असत्या. खरं सांगावं, तर... छे, खरं सांगायचं तो उद्यावर ढकलत राहिला. सवयीचाच गुलाम तो!

शेवटी ऋतुजाच स्कूटरवरून घरी येऊन धडकली. द्वारकाबाईंनी तिला कौतुकाने आत नेलं, मोठ्या आवाजात बोलू नकोस म्हणून सांगितलं आणि पट्टी दाखवली. ऋतुजा पट्टीकडे बघत उभी राहिली. पट्टी नव्व्याण्णववर गेली, घुटमळली, मागे आली. ऋतुजाही तीन वर्षं हेच शिकत होती, तिला कळायला कितीसा वेळ लागणार! मग तिने स्टुलावरच्या रंगरावांकडे पाहिलं, दारात ताट घेऊन उभ्या असलेल्या द्वारकाबाईंकडे पाहिलं, आणि विचारलं, "काकू, मी इथे बसून थोडी चित्रं काढली तर चालेल?"

विश्वजीतला तिने बाल्कनीत बोलावलं, पण शिवी दिली नाही, हेच त्याला जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, की ती पट्टीची फाइल मला दे, तेवढं एकच काम तू पूर्ण केलंयस.

जुनी गोष्ट तिने गुंडाळून ठेवली. उरलेल्या दिवसांत, राखण तशीच चालू ठेवून, तिने नवी फिल्म एकटीने काढली. साध्या रेषांची, फार हालचाल नसलेली. एक घर, एक पट्टी आणि पट्टीची राखण करणारी नवरा-बायको, बस. शेवटी नावं आली तेव्हा गोष्ट, चित्रं, आवाज सगळीकडे ऋतुजा, आणि एका ओळीत 'पट्टी: विश्वजीत'.

कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली त्या दिवशी रंगराव आणि द्वारकाबाई पुढच्या रांगेत, नव्याकोऱ्या कपड्यांत. अख्खा हॉल लोटपोट हसत होता, आणि सगळ्यांत जास्त हसत होत्या द्वारकाबाई. चित्रातली बाई जरा जाड होती, त्यामुळे त्यांनी ओळखलीच नाही. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, काय बाई एकेक खुळी माणसं असतात! रंगराव सुरुवातीला हसले. चित्रातला मिशाळ माणूस हात मागे बांधून पट्टीसमोर उभा राहिला, तेव्हा त्यांचं हसू थांबलं, आणि नंतर ते हसले नाहीत.

बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंना पट्टी फारच आवडली. त्यांनी विश्वजीतला उभं केलं आणि विचारलं, की पट्टी सोडून या फिल्ममध्ये तू काय केलंस? विश्वजीतने केसांतून हात फिरवला. म्हणाला, "मॅम, ॲक्च्युअली माझा भर कन्सेप्ट डेव्हलपमेंटवर होता. आणि टायमिंग."

पोराची जीभ अडखळतेय हे आईला बघवेना. द्वारकाबाई तिथेच उठून उभ्या राहिल्या.

"अहो, तो लाजतोय. मी सांगते. इतके दिवस रेंडर लावून ठेवला होता त्याने. मी आणि हे, पाळीपाळीने राखण करत होतो. दारात जाऊन उभी राहिले, तरी नजर त्या पट्टीवर. विचारा यांना."

परीक्षकबाईंनी पडद्याकडे पाहिलं, द्वारकाबाईंकडे पाहिलं, आणि मागच्या रांगेतून हसण्याची अशी काही लाट उठली, की पंख्यांचा आवाज ऐकू येईना. ऋतुजा मान खाली घालून बसली होती. ती हसत नव्हती.

दुपारी निकाल लागला. ऋतुजा पहिली आली, वाशिमला जायची वेळ टळली. विश्वजीतला तिसरं वर्ष परत.

पार्किंगकडे जाताना द्वारकाबाई हिरमुसल्या होत्या. विश्वजीत चार पावलं मागे. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "अहो, मी बोलल्यावर सगळे एवढे हसले का?"

रंगरावांनी स्कूटरला किल्ली लावली, आणि मागे न बघता म्हणाले, "तिथं तू एकटीच खरं बोललीस, म्हणून."